लग्न नव्हतं, लेकरू होतं

या प्रकरणात तीन माणसं आहेत, आणि मराठीने माझी मोठी सोय करून ठेवली आहे. ती म्हणजे आई, तो म्हणजे बाबा, ते म्हणजे लेकरू. लेकरू मुलगा की मुलगी हे सांगायची वेळच येत नाही. ओळख पटेल असं बाकीचंही बरंच बदललं आहे. दोघांनी लिहायला होकार दिला तो त्याच अटीवर. मी मध्यस्थीचं काम करते. वेगळं होणाऱ्या दोघांना एका टेबलाशी बसवायचं आणि टेबल उलटणार नाही एवढं बघायचं, असं ते काम आहे.

ती आणि तो सहा वर्षं लग्न न करता एकत्र राहिले. लग्न नको हे दोघांनी मिळून ठरवलं होतं, असं पहिल्या बैठकीत कळलं. तिसऱ्या बैठकीत ती म्हणाली, "ठरवलं त्याने होतं, मी हो म्हटलं होतं." त्यावर तो काही बोलला नाही.

लेकरू २ वर्षं ४ महिन्यांचं असताना तिने सांगितलं, आता पुरे. भांडण कशावरून होतं यात मी शिरणार नाही. दोघांच्या तोंडून ऐकलं तर दोन वेगळ्याच घरांच्या कहाण्या वाटाव्यात. त्यानंतरही चार महिने दोघं एकाच छताखाली होते. तो बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपायचा. लेकरू रात्री दोनला उठायचं, आतून बाहेर जायचं, बाहेरून आत यायचं आणि शेवटी दोन खोल्यांच्या मधल्या दारात बसून रडायचं. सुटलेलं डायपर पुन्हा लागलं होतं. पाळणाघरात ते इतर मुलांना चावायला लागलं होतं. हे सगळं दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं आणि दोघांनीही बोट दुसऱ्याकडे दाखवलं.

वेगवेगळं, कारण एकत्र बसवण्याआधी मी प्रत्येकाशी एकट्याने तासभर बोलते. हा नियम कुणासाठीही मोडत नाही. पैसे कुणाच्या हातात असतात? तुमचा फोन कोण तपासतं? समोरचा चिडला की पोटात गोळा येतो का? हात कधी उगारला गेला आहे का? लेकराला घेऊन निघून जाईन अशी धमकी कुणी दिली आहे का? मारहाण किंवा धाक असेल तर मध्यस्थी घातक ठरते. घाबरलेलं माणूस फार समजूतदार दिसतं आणि समोर येईल त्यावर सही करून मोकळं होतं. तिथे आधी सुरक्षित जागा, मग न्यायालय. इथे तसं काही नव्हतं. राग होता, अपमान होता, जुने हिशेब होते. म्हणजे नेहमीचंच.

माझी चूक

तो रंगीत तक्ता घेऊन आला होता. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबाकडे, वर्षभराच्या सुट्ट्यांसकट. ती फोन घेऊन आली होती. त्यात तिने त्याला पाठवलेला एक ओळीचा प्रस्ताव होता, रविवारी चार ते सहा. दोघांनी वेळापत्रकं आणली म्हणून मी वेळापत्रकापासूनच सुरुवात केली, आणि तिथेच फसले.

दोन बैठका निव्वळ घासाघीस झाली. सातचे पाच दिवस, पाचचे साडेचार. "आणि त्या अर्ध्या दिवसात जेवण धरायचं की नाही?" असा प्रश्न मीच विचारला, हे आठवून आता लाज वाटते. तिसऱ्या बैठकीत ती भडकली आणि म्हणाली, "कागदावर तर तू कुणीच लागत नाहीस." त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "हे खरंय का?"

लग्नाच्या जोडप्यात हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे बाप हा कायद्याने आपोआप बाप असतो, आणि वेगळं होण्यासाठी एक ठरलेला रस्ता असतो: अर्ज, तारखा, हुकूम. लग्न नसेल तर तो रस्ताच नसतो. दोघांचं नातं संपलं हे सांगणारा कागद कुठेच तयार होत नाही, आणि बापाचं स्थान देश बदलला की बदलतं. इंग्लंडमध्ये १ डिसेंबर २००३ पासून जन्मनोंदीत आईबरोबर नाव असलेल्या अविवाहित बापाला पालकत्वाची जबाबदारी मिळते. त्याआधी नुसतं नाव पुरेसं नव्हतं. जर्मनीत आईची संमती नसेल तर अविवाहित बापाला संयुक्त पालकत्व मिळवण्याचा मार्गच नव्हता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये यावर ठपका ठेवला आणि २०१३ मध्ये तिथला कायदा बदलला. भारतात १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा विवाहबाह्य अपत्याची नैसर्गिक पालक आधी आई मानतो, तिच्यानंतर बाप. म्हणजे तिचं वाक्य रागातलं असलं तरी पोकळ नव्हतं. राहता त्या ठिकाणचा कायदा काय म्हणतो हे वकिलाकडून लेखी समजून घ्या, असं सांगून मी दोघांना दोन आठवड्यांची सुट्टी दिली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

दोघं परत आले तेव्हा कळलं की लेकराच्या जन्मनोंदीत बाप म्हणून त्याचं नाव होतं, पण तेवढ्याने सगळं भागत नव्हतं. आणखी एक कागद लागणार होता, आणि त्यावर तिची सही लागणार होती. तिच्या हातात हुकमाचं पान होतं. ते ती का टाकून देईल?

मी तिला विचारलं, उद्या तू आजारी पडलीस, किंवा गावाला असताना लेकराला दवाखान्यात न्यावं लागलं, तर तिथे सही कोण करेल? तिने बराच वेळ विचार केला. त्यालाही विचारलं, तुला खरंच अर्धे दिवस हवेत का? तुझी नोकरी, तुझी पहाटेची पाळी, आठवड्याचे सात दिवस एकट्याने? तो जे म्हणाला त्याने प्रकरणाची दिशा बदलली. "अर्ध्याहून कमी घेतलं की उद्या पाव होईल आणि परवा शून्य. मला माहीत आहे."

तक्त्यातले सात दिवस त्याच्या भीतीचं माप होते. तिचे रविवारचे दोन तासही तसेच: दार किलकिलं उघडलं तर हा घरातून कधी जाणारच नाही, ही तिची भीती. लेकराच्या दिनक्रमाशी दोन्ही आकड्यांचा संबंध नव्हता. तिने कागदावर सही केली आणि त्याच दिवशी त्याने तक्ता गुंडाळून पिशवीत टाकला. सौदा म्हणा हवं तर. मला तो प्रामाणिक वाटला.

लेकराचा दिवस

मग मी दोघांना कोरे कागद दिले आणि सांगितलं, एकमेकांशी न बोलता लेकराचा कालचा दिवस लिहा. उठवतं कोण, दात कोण घासतं, भरवतं कोण, कपडे कोण बदलतं, रडलं तर कुणाकडे धावतं, झोपवतं कोण. कागद शेजारी ठेवले तर ऐंशी टक्के जुळत होते. याचं दोघांनाही आश्चर्य वाटलं, मला वाटलं नाही. भांडणात काय कबूल करायचं नाही हे माणसाला चांगलं कळतं, पण समोर कोरा कागद आला की खरं लिहिलं जातं.

कागदांतून दिसलं ते असं. तिचं काम संध्याकाळचं असल्यामुळे लेकरू आठ महिन्यांचं झाल्यापासून आंघोळ, जेवण आणि झोप ही सगळी संध्याकाळ बाबाची होती. सकाळ आईची होती. आजारपण आईचं, पडणं-झडणं बाबाचं. रविवारी चार ते सहा या वेळेत बाबा लेकराच्या आयुष्यात काहीच करत नव्हता. तिचा प्रस्ताव मान्य झाला असता तर ज्या माणसाची जागा रोज सात वाजता असते ते आठवड्यातून एकदा भलत्याच वेळी उगवलं असतं.

जवळिकीवरचं संशोधन इथे कामी येतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांच्या सुरुवातीच्या मांडणीत भर आईवर होता. पण १९६४ मध्ये शाफर आणि इमर्सन या संशोधकांनी ग्लासगोतल्या ६० बाळांचा अभ्यास केला, तेव्हा दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळं एकाहून अधिक माणसांशी घट्ट जोडलेली आढळली. अडीच वर्षांच्या लेकराला दोन माणसं असू शकतात. त्याला जमत नाही ते थांबणं. "परवा" हा शब्द त्याला कळत नाही. सात दिवस म्हणजे त्याच्या लेखी माणूस गेलं. म्हणून एक आठवडा इकडे, एक तिकडे हा हिशेब मोठ्या मुलाला चालेल, याला नाही.

रात्री दुसऱ्या घरी झोपवायचं का, यावर मात्र तज्ज्ञांतच जुंपलेली आहे. २०१० मधल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचा दाखला देऊन काहीजण म्हणतात, अगदी लहान वयात वारंवार रात्री घर बदललं तर बाळ बिथरतं. २०१४ मध्ये ११० संशोधकांनी पाठिंबा दिलेल्या एका निवेदनाने याच्या उलट सांगितलं: लहान वयातही दोन्ही पालकांकडे रात्री असायला हरकत नाही, उलट नातं घट्ट होतं. दोघांनी इंटरनेटवर आपापल्या सोयीचं शोधून आणलं होतं. मी दोन्ही बाजूला ठेवलं. या लेकराला गेली दोन वर्षं झोपवत कोण होतं, हा प्रश्न जास्त कामाचा होता.

एक सूचना त्याने केली: लेकरू आहे त्याच घरात राहू दे, आपण दोघं आळीपाळीने तिथे येऊ. काही जोडप्यांना हे जमतं. ती लगेच म्हणाली, "मला माझ्या उशीला त्याचा वास नको." शिवाय दोघांची दोन आणि लेकराचं एक अशी तीन घरं चालवण्याइतके पैसे नव्हते. तो विषय पाच मिनिटांत संपला.

ठरलं ते असं. त्याने पंधरा मिनिटं चालत येता येईल इतक्या अंतरावर खोली घ्यायची. पहिले आठ आठवडे मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार संध्याकाळी जुन्या घरी येऊन आंघोळ ते झोप सगळं त्याने करायचं. त्या वेळात ती कामावर असतेच. शनिवारी लेकरू दिवसभर त्याच्या खोलीवर. आठ आठवड्यांनी शनिवारची रात्रही तिकडेच. तिसरा वाढदिवस झाल्यावर आणखी एक रात्र. लेकराला दोघांपैकी कुणीही सलग तीन दिवस दिसलं नाही असं होऊ द्यायचं नाही, एवढा एकच पक्का नियम. बाकी सगळं दर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं.

"बाबा कामाला गेलाय"

तो बाहेर पडला त्या आठवड्यात लेकरू भलतंच बिथरलं. ती संध्याकाळी कामाला निघाली की किंचाळायचं, पायाला मिठी मारायचं. पाळणाघरातही कुणी "काम" म्हटलं की रडायचं. कोडं सुटायला वेळ लागला. बाबा रात्री का नाही, असं लेकराने विचारलं की ती सांगत होती, बाबा कामाला गेलाय. तिचा हेतू चांगला होता. पण लेकराने त्यातून अर्थ काढला तो असा की कामाला गेलेलं माणूस रात्रभर परत येत नाही.

मग आम्ही तिघांनी मिळून एक वाक्य बनवलं, आणि दोघांनी तेच, त्याच शब्दांत, रोज म्हणायचं ठरवलं. "बाबा आता दुसऱ्या घरात झोपतो. आज आंघोळ बाबा घालेल. सकाळी आई उठवेल." कारणं नाहीत, "आमचं पटत नाही" नाही, "आम्ही दोघंही तुझ्यावर खूप प्रेम करतो" हेही पहिल्या दमात नाही. इतक्या लहान मुलाला आपण कुठे झोपणार आणि कोण येणार एवढंच कळून घ्यायचं असतं. त्याने एका पुठ्ठ्यावर दोन घरं रंगवली, एक पिवळं, एक निळं, आणि दोरीला एक चिमटा लावला. रोज सकाळी लेकरू तो चिमटा त्या दिवसाच्या घरावर लावतं. मला वाटलं होतं चार दिवसांत कंटाळेल. अजून लावतं.

दार

खरा गोंधळ शनिवारी सकाळी दारात व्हायचा. आईच्या कडेवरून बाबाच्या कडेवर जाताना लेकरू आकांत करायचं. ती म्हणायची, बघ, त्याला तुझ्याकडे यायचंच नाही. तो म्हणायचा, तू शिकवलंस. संध्याकाळी परत येताना तोच आकांत उलट दिशेने, आणि तेच संवाद फक्त माणसं बदलून.

मी दोघांना एक काम दिलं: दार बंद झाल्यावर रडणं किती वेळ चालतं ते घड्याळ लावून लिहा. पहिल्या शनिवारी सहा मिनिटं. दुसऱ्या शनिवारी चार. रडणं अमुक माणूस नको म्हणून नव्हतं. हातातलं सोडून दुसरं धरायचं, त्या क्षणाचं होतं. आणि त्या क्षणी दारात उभे असलेले दोघं एकमेकांकडे ज्या नजरेने बघत होते, तीही लेकराला दिसत होतीच.

उपाय साधा होता. शनिवारची अदलाबदल शुक्रवारवर आणली. सकाळी पाळणाघरात आईने सोडायचं, संध्याकाळी बाबाने आणायचं आणि थेट आपल्या खोलीवर न्यायचं. त्या अदलाबदलीत दोघांना समोरासमोर यायची गरजच उरली नाही. आकांत जवळजवळ थांबला.

राहिला ससा. एका कानाचा, कधीकाळी पांढरा असलेला कापडी ससा. त्याशिवाय झोप नाही. दोन घरांसाठी दोन ससे असावेत म्हणून तिने हुबेहूब नवा आणला. लेकराने त्याचा वास घेतला आणि फेकून दिला. मग जुनाच ससा पिशवीतून येऊ-जाऊ लागला. एकदा ससा जुन्या घरी राहिला. रात्री अकरा वाजता त्याने तिला फोन केला, आणि ती काही न बोलता ससा घेऊन चालत गेली. दारातूनच दिला आणि परतली. पुढच्या बैठकीत दोघांनीही हा प्रसंग सांगितला, आणि पहिल्यांदाच कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही.

दोन पानं

पैशांबद्दल थोडक्यात, कारण ते अपेक्षेपेक्षा लवकर मिटलं. वहीत दोन पानं केली. एका पानावर लेकराचा खर्च: पाळणाघर, दवाखाना, कपडे, दोन घरांत लागणाऱ्या वस्तू. हा दोघांनी मिळकतीच्या प्रमाणात वाटायचा. दुसऱ्या पानावर दोघांचं आपापसातलं: घराची अनामत, फर्निचर, तिच्या नावावरचं कर्ज ज्याचे हप्ते तीन वर्षं तो भरत होता. लग्न नसताना "अर्धं माझं" हे आपोआप खरं ठरत नाही, नावावर काय आहे आणि भरलं कुणी याचे पुरावे लागतात. बरंचसं बँकेच्या नोंदींतून निघालं. पण लेकराच्या पोषणाचा हक्क आईबापांच्या लग्नावर टांगलेला नसतो. दुसऱ्या पानावरचं भांडण पहिल्या पानावर आणायचं नाही, आणि पैसे थकले म्हणून भेट अडवायची नाही, की भेट चुकली म्हणून पैसे अडवायचे नाहीत, हे दोघांनी सही करून मान्य केलं.

फर्निचरच्या पानावर तो एकदा अडकला. सोफ्यासाठी हट्ट धरून बसला. खोलीत सोफा मावणारही नव्हता. खोदून विचारलं तेव्हा कळलं की घरच्यांना बातमी सांगितल्यावर त्याचा भाऊ म्हणाला होता, "लग्न तर नव्हतंच, मग एवढं काय?" सहा वर्षांच्या संसाराला कुणी संसार मानलंच नाही, तर तो मोडल्याचं दुःख करायचं कुणापुढे? केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या दशकात अशा दुःखाला नाव दिलं: ज्यावर आपला हक्कच समाज मान्य करत नाही असं दुःख. मी त्याला नाव सांगितलं नाही. त्या दिवशी आम्ही पान बाजूला ठेवून तासभर त्या सोफ्याबद्दल बोललो. तो दोघांनी पहिल्या वर्षी पैसे साठवून घेतला होता. ती म्हणाली, "मलाही वाईट वाटतं रे." सोफा शेवटी विकला.

मध्यंतरी त्याच्या एका मित्राने त्याला न्यायालयात जाण्याचा सल्ला दिला होता. जावं लागतंच काही वेळा. पण अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमरी यांनी मुलांच्या ताब्यासाठी भांडणाऱ्या जोडप्यांचा १२ वर्षं मागोवा घेतला. चिठ्ठी टाकल्यासारखं काहींना मध्यस्थीकडे पाठवलं, काहींना नेहमीच्या न्यायालयीन रस्त्याने जाऊ दिलं. मध्यस्थी झाली ती सरासरी पाच-सहा तासांचीच. १२ वर्षांनी पाहिलं तर मूल ज्यांच्याकडे राहत नव्हतं अशा पालकांपैकी आठवड्यातून निदान एकदा मुलाला भेटणारे मध्यस्थीच्या गटात सुमारे ३० टक्के होते, दुसऱ्या गटात ९ टक्के. ही लग्न झालेली जोडपी होती, हे मी त्याला सांगितलं. त्याने विचार करून सांगितलं, पाच-सहा तास तर आपले कधीच होऊन गेलेत.

अजून न सुटलेलं

सहा महिन्यांनी आढावा घेतला तेव्हा रात्रीचं जागरण संपलं होतं, चावणं संपलं होतं, डायपर फक्त रात्री होतं. सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं असं नाही. तिच्या आयुष्यात नवीन कुणी आलं होतं. सहा महिने टिकल्याशिवाय नव्या माणसाची लेकराशी ओळख करून द्यायची नाही, हे कलम तिनेच सुचवलेलं, आणि तेच आता तिला जाचत होतं. त्याला ते कलम दोन वर्षांचं हवं होतं. सहा महिनेच राहिले.

लेकरू साडेतीन वर्षांचं झालं आणि तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. गाव बदलायचं असेल तर ९० दिवस आधी लेखी कळवायचं, असं ठरलं होतं. तिने ९४ दिवस आधी कळवलं. त्याने मला फोन केला तेव्हा आवाज जुन्या बैठकीतला होता: पाव, मग शून्य. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं नववं कलम त्याने मला वाचून दाखवलं. आईबापांपैकी एकापासून वेगळं राहणाऱ्या मुलाला दोघांशीही नियमित, प्रत्यक्ष संबंध ठेवायचा हक्क आहे, ते त्याच्या हिताच्या विरुद्ध असल्याशिवाय. मी म्हटलं, बरोबर आहे, पण त्यात हक्क मुलाचा लिहिलाय. तो म्हणाला, "म्हणूनच वाचतोय."

परवा दोघं आले. मी पुन्हा कोरे कागद दिले. लेकराचा कालचा दिवस लिहा. तिने लिहिलं, त्याने लिहिलं. झोपवतं कोण, या प्रश्नापुढे दोघांनीही एकच लिहिलं होतं: आपलं आपण झोपतं, ससा लागतो. चपला कोण घालतं, यापुढे तिने लिहिलं, "स्वतः." त्याने लिहिलं, "स्वतः, उलट्या." दोन शहरांमधल्या प्रवासाला किती तास लागतात हे तिने शोधून आणलं होतं, तो कामाची जागा बदलता येते का ते विचारणार आहे. पुढची बैठक दोन आठवड्यांनी आहे.